शेजारणीच्या ओट्यावर

प्रवचनात दुसरा गाल पुढे करण्याची गोष्ट निघाली की माझं टाळकं सरकायचं. बाकावर बसल्या बसल्या मनात म्हणायचे, अहो पाळकसाहेब, पहिला गाल कुणाचा सुजलाय तेवढं आधी बघा! माझ्या डोळ्यांसमोर आमची शेजारीण असायची. कळंबजवळचं आमचं गाव, कापसाचे ते वाईट दिवस. तिचा नवरा जिनिंगवर, सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होता. जिनिंग बंद पडलं आणि हा रिकामा गडी रोज दिवेलागणीला पिऊन यायचा नि बायकोला बडवायचा. दोन घरांत भिंत एकच. इकडे आम्ही आई-लेकी संध्याकाळची प्रार्थना करायचो, जगातल्या वाइटापासून सोडव म्हणून देवाला विनवायचो, आणि तिकडून तिचं ओरडणं ऐकू यायचं.

एकदा त्यानं तिचा हात मोडला. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला बसलो तर आई मधेच थांबली. आमेनसुद्धा म्हणाली नाही. कोपऱ्यात अर्धवट उमललेल्या बोंडांचं गाठोडं पडलं होतं. हंगाम सरताना झाडावर राहिलेल्या या बोंडांकडे चांगल्या वर्षी कुणी ढुंकून पाहत नाही. त्या वर्षांत मात्र आम्ही तीही तोडून आणायचो आणि घरी फोडून कापूस काढायचो. आईनं गाठोडं उचललं, शेजारणीच्या ओट्यावर नेऊन टाकलं आणि मांडी घालून बसली.

“ये व, बोंडं फोड,” मला म्हणाली.

थोड्या वेळानं तो झोकांड्या खात आला. “काकू, इथं काहून बसल्या?”

“आमच्या घरची लाइन गेली ना बाबू.”

“आमच्या घरी तरी कुठं हाय लाइन?”

“मंग बस. तू बी फोड बोंडं.”

वीज साऱ्या गावचीच गेली होती. हसू दाबता दाबता माझा जीव चालला होता. तो काहीतरी पुटपुटला, आत गेला आणि आडवा झाला. दारात माणसं बसलेली असताना बायकोवर हात टाकायची त्याला लाज वाटली. तेवढी लाज शिल्लक होती, देवाचे उपकार!

मग रोज तेच. समोरच्या गॅरेजवाल्याची बायको, तिला आम्ही भाभी म्हणायचो, दोन-चार दिवस बघत होती. एका संध्याकाळी तांदूळ निवडायचं सूप घेऊन आली. “अकेले क्यूं बैठते? मैं भी आती.” तिच्यामागून आणखी बायका आल्या. शेजारीण प्लास्टरमधला हात धरून दारात उभी राहायची. आम्ही किती बोलावलं तरी उंबरा ओलांडायची नाही.

माझं डोकं काही थंड होत नव्हतं. मी आईला म्हटलं, “हे काय लावलं? साऱ्या मिळून धुऊन काढू ना त्याले!”

“आपण मारलं तं तो उद्या तिलेच मारन. त्याले मारायचं नाही, अन् आपण हटायचं बी नाही.”

“याले म्हणतात व्हय दुसरा गाल?”

“मले काय माहीत? मार खानाऱ्याच्या बाजूले बसा लागते, एवढं मले समजते.”

पुढं एके दिवशी तो पेटूनच आला. “माह्या घरावर पहारा देता का?” म्हणत त्यानं सरपणातली पऱ्हाटीची, कापसाच्या झाडाची, वाळकी काडी ओढली आणि आईला हाणली. गालावरच बसली. फाटलाच गाल. मी ओट्याखालचा धोंडा उचलला होता, आणि खरं सांगते, त्याच्या डोक्यातच घालणार होते. आईनं माझं मनगट धरलं.

“ठेव खाली. ठेव म्हणतो ना!”

पदरानं रक्त दाबत ती त्याच्याकडे वळली. “झालं? मी उद्या बी येतो.”

तो होता तिथंच मटकन बसला.

दुसऱ्या दिवशी आई ओट्यावर बसायच्या आधी पोलीस ठाण्यात गेली, शेजारणीला सोबत घेऊन. मी मागोमाग. मारहाणीचा रिपोर्ट शेजारणीनं स्वतः दिला. आईनं गालावरची पट्टी दाखवून साक्ष दिली. त्याला बोलावून आणलं तेव्हा त्याची उतरलेली होती. आल्या आल्या आईच्या पायांवर पडला.

“काकू, माफ करा. रिपोर्ट वापस घ्या.”

“माफ तं मी कालच केलं बाबू. माह्या मनात काही नाही. पन रिपोर्ट तिचा हाय. तिले इचार.”

सगळे तिच्याकडे बघायला लागले. नवऱ्यासमोर तिनं तोंड उघडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आता ही कच खाणार, आणि परत त्याच घरात एकटी सापडणार, असं मला वाटलं. जन्मात कधी केली नसेल अशी प्रार्थना मी ठाण्यातल्या बाकड्यावर बसून केली.

“नाही घेत,” ती म्हणाली.

माझ्या आईला काडी लागली तेव्हा रडू आलं नव्हतं, ते तिथं आलं. आणि मलाही. माफ करणं म्हणजे पाठीशी घालणं नव्हे, हे इतकी प्रवचनं ऐकून मला कळलं नव्हतं. ते मला माझ्या आईनं दाखवलं. अशी आई माझ्या पदरात टाकली म्हणून मी देवाचे आभार मानते, रोज मानते.

पोलिसांनी नवऱ्याला कोठडीत टाकलं, पुढं तो सुटून आला. दारू त्याची काही सुटली नाही, उगाच कशाला खोटं सांगू? पण बायकोवर पुन्हा हात टाकला नाही. बायका तर पुढचे कित्येक महिने बसतच होत्या.

ठाण्यातून परतलो त्या संध्याकाळी तो कोठडीतच होता. ओट्यावर बसायचं काही कारण नव्हतं. तरी सगळ्या आल्या, भाभीसुद्धा सूप घेऊन आली. आम्ही बोंडं फोडत बसलो होतो. मागून माझ्या खांद्याला कुणीतरी हात लावला. शेजारीण होती.

“सरक ना व थोडी,” ती म्हणाली, “मले बसायले जागा दे.”