वाळवीने खाल्लेला शेवट

या पानावरचे गूढ अनुभव मी आवडीने वाचतो, पण खरं सांगायचं तर आजवर एकावरही विश्वास ठेवलेला नाही. मी बी.एस्सी. झालेला, आमच्या घरातला पहिला पदवीधर. "पुरावा काय?" हे विचारायला मला तालुक्याच्या शाळेतल्या मास्तरांनी शिकवलं, त्यांचे उपकार मोठे आहेत. आता पुरावा माझ्याकडेही नाही... तरी लिहितोय.

माझे वडील, आण्णा, आडतीवर हमाल होते. त्यांना अक्षरओळख नव्हती. सातवीत असताना मी शाळेच्या कपाटातून मुलांची एक विज्ञान-कादंबरी आणली आणि रोज संध्याकाळी त्यांना मोठ्याने वाचून दाखवू लागलो. एक मुलगा यानात बसून दूरच्या ताऱ्याकडे जातो, त्याचे वडील पृथ्वीवर वाट बघतात, अशी ती गोष्ट. आमच्याकडे गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो, नाहीतर सांगणारा थांबतो. आण्णांचा हुंकार ठरलेला — "हां... मंग?"

यान परतीला लागलं, आणि पुढची पानंच नव्हती. वाळवीने खाल्लेली! मास्तरांनाही शेवट ठाऊक नव्हता.

पुढे मी पुण्याला शिकायला आलो. सुट्टीत घरी गेलो की आण्णा विचारायचे, "घरी आलं का रं ते पोरगं?" शेवटचे भेटलो तेव्हाही एस.टी.च्या खिडकीशी येऊन हेच विचारलं. मला नोकरी लागली त्याच वर्षी ते गेले. लग्न त्यानंतरचं, त्यामुळे माझ्या पत्नीने त्यांना पाहिलेलंही नाही.

गेल्या वर्षी कसबा पेठेत, एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात तीच कादंबरी दिसली. शेवटची पानं आहेत ना, एवढंच उलटून बघत होतो, तर दुकानदार म्हणाले, "अहो, शेवट इथेच वाचलात तर विकत कशाला घ्याल?"

रविवारी दुपारी, वारज्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये, मी पुस्तक उघडलं. पत्नी स्वयंपाकघरात होती. मनातल्या मनातच वाचत होतो, पण यान परतीला लागलं तिथून आपोआप मोठ्याने वाचू लागलो. आणि एक वाक्य संपलं तसं शेजारच्या खुर्चीतून आलं —

"हां... मंग?"

खुर्ची रिकामी होती. भीती वाटली असं म्हणायला हवं, पण वाटली नाही. थांबलो तर तेही थांबतील, एवढंच वाटलं. मी वाचत राहिलो. प्रत्येक वाक्याला हुंकार येत होता.

शेवटचं पान आलं. मुलगा घरी येतो. यानाच्या प्रचंड वेगामुळे त्याच्यासाठी प्रवास थोडक्या वर्षांचा, पण पृथ्वीवर पिढी उलटलेली. वडील कधीच गेलेले असतात. लहानपणी हे कळलं असतं का मला? मी अडखळलो. "भेटले दोघं" असं वाचून टाकावं का? आण्णांना कुठे पडताळता येणार होतं... पण शेवटी छापलं होतं तसंच वाचलं.

पानावर बोट ठेवून मी खुर्चीकडे पाहिलं. मग हळूच, "हां..." आणि पुन्हा, "मंग?"

पुस्तक संपलं होतं. मी म्हणालो, "मग तो तिथेच राहिला, आण्णा. नोकरी केली. लग्न केलं. घर घेतलं. फार आठवण काढतो..."

"अहो!" पत्नी दोन कप चहा घेऊन दारात उभी होती. "पाहुणे आलेत, तर सांगायची काही पद्धत? की मी भिंतीतून ओळखायचं?" मग खोलीभर बघून म्हणाली, "गेले का? कोण होते हो, मघापासून नुसतं 'मंग, मंग' करत होते?"

आण्णांच्या हुंकाराबद्दल मी तिला कधीच काही बोललो नव्हतो. इतक्या वर्षांत विषयच निघाला नव्हता.

तिला काय ऐकू आलं, मला काय ऐकू आलं, याचा खुलासा मला करता येत नाही. मित्रांनी सांगितलेली सगळी कारणं मी शांतपणे ऐकून घेतली, काही पटलीसुद्धा. पण तो "मंग" तिनेही ऐकला होता. नंतर कितीतरी रविवारी मी तेच पुस्तक तिथेच बसून मोठ्याने वाचलं आहे. काही होत नाही. तरी प्रत्येक वाक्यानंतर मी जरासा थांबतो.