नदी न ओलांडता

आमच्या हेमलताला बसून राहणं कधी जमलंच नाही. मेट्रोत रिकामी सीट असली तरी ती दाराशी उभी राहते, का तर उतरायला बरं पडतं. त्यामुळे ती नर्मदा परिक्रमा करणार म्हणाली, तेव्हा नवरा म्हणून मला मुळीच नवल वाटलं नाही. सरकारी नोकरीत एवढी रजा एकदम मिळत नाही, म्हणून दर हिवाळ्यात थोडी थोडी चालून पाच-सहा वर्षांत पुरी करायची, असं तिनं ठरवलं.

परिक्रमा पुरी होईपर्यंत नदी ओलांडायची नसते. तुकड्यातुकड्यांनी चालणाऱ्यांना मध्ये घरी जायला सूट असते, असं जाणत्यांनी तिला सांगितलं होतं. पण हिला सूट नको होती. उत्तर तीरावरून सुरुवात केली, की दिल्लीला परतताना नदी आडवी येत नाही. दोन हिवाळे तसे चालून झाले. तिसऱ्याच्या तयारीत तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या फ्लॅटच्या भिंतीवर नकाशा, बाल्कनीत वाळणारे बूट आणि जेवताना तोंडी घाटांची नावं.

तेवढ्यात नागपूरहून तिच्या वहिनीचा फोन आला. अण्णासाहेबांना हार्ट अटॅक आला होता. आईवडिलांमागे हिला वाढवलं ते या थोरल्या भावानं. मी विमानाचं तिकीट बघायला बसलो, तर ही नकाशापुढे उभी. नागपूर नदीच्या पलीकडे.

"विमान बिल्कुल नको," ती म्हणाली. "बिलासपूरवरून जाते. ती गाडी उगमाला वळसा घालून जाते, नदी लागत नाही."

मला संताप आला. दोन तासांच्या वाटेला दोन दिवस! मी नाही नाही ते बोललो, पण ती गेलीच. गाडीतून सारखे फोन. कटनीला एवढा वेळ का थांबलोय, हे मलाच विचारत होती, जसा काही मी गार्ड.

ती पोचली तोवर धोका टळला होता. अण्णासाहेब उशीला टेकून बसले होते. कशी आलीस, त्यांनी विचारलं. हिनं मोबाइलवर नकाशा काढून सगळा वळसा कौतुकानं दाखवला.

"दोन दिवस मी दाराकडे बघत होतो," ते म्हणाले. "म्हणजे तुला घाई नव्हती."

हिला असं जन्मात कुणी म्हटलं नव्हतं.

परतताना ती विमानानं आली. मी एअरपोर्टवर घ्यायला गेलो. नदी दिसली का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. मेट्रोत जागा होती, ती बसली. आमचं स्टेशन आलं तरी बसूनच होती. शेवटी मीच तिला हात धरून उठवलं.