कुकी जाणार म्हणून

संकट यायच्या आत तयार होऊन बसलेला माणूस पाहायचा असेल, तर मावळात भाजे गावी माझ्या सासऱ्यांकडे, म्हणजे मामांकडे जावं. जवळच्या नवलाख उंबरे गावातल्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी सुरक्षा विभागात काढली. त्यामुळे घरात दूध उतू गेलं तरी ते आधी माणसं अंगणात काढतात, गॅस मागाहून बंद होतो. मिरच्या कुटताना डोळ्यांना लावायला त्यांनी आणून दिलेला गॉगल सासूबाई हल्ली लग्नकार्यातही मिरवतात.

निवृत्तीनंतर मामांनी वरच्या खोल्या पर्यटकांना द्यायला काढल्या. मी लोणावळ्यात वेबसाइटी बनवतो, म्हणून त्यांची मीच केली. एकदा जेवताना मी सहज म्हणालो की ब्राउझरमधल्या थर्ड पार्टी कुकीज बंद होणार आहेत. आपली वेबसाइट पाहून गेलेल्या माणसाच्या ब्राउझरमध्ये जाहिरातवाला कुकी नावाची खूण ठेवतो, मग तो माणूस गुडघेदुखीवरचे उपाय वाचायला गेला तरी तिथे आपल्या खोल्या दिसतात. ती खूण गेली की आपले पाहुणेही आटणार. मामांचा घास हातातच राहिला.

"म्हंजी पाव्हण्याच्या मागं आपण माणूस लावलंय?"

"आपलं नाही मामा, तिसऱ्याचं."

"आन् ते जानार? मग ड्रिल घ्याया पायजे."

रविवारी सकाळी भोंगा वाजला. वरच्या खोलीतलं मुंबईचं कुटुंब तोंडात ब्रश धरून अंगणात आलं. मामा हेल्मेट घालून शिट्टी फुंकत होते. "कुनी पळू नका! कुकी गेली!"

"काका, आग कुठे लागलीय?" टॉवेलवरच्या गृहस्थांनी विचारलं.

"आग न्हाई. तिसरी पार्टी गेली. जावईबापू, सांगा यांना."

मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पोहे न खाताच गाडी काढली.

मग मी वेबसाइटवरून तिसऱ्यांचा सगळा पसारा काढला. आता जाहिरात माणसाच्या मागे धावणार नाही, त्याला गरज वाटेल तिथे ती आधीच हवी, असं मामांना समजावलं. दुसऱ्याच दिवशी लेण्यांच्या पायऱ्यांवर पाटी लागली: 'दम लागला? खाली खाट आहे.' तिथल्या पहारेकऱ्याने ती काढून रागारागाने घरी आणून दिली, आणि दम लागला होता म्हणून खाटेवर तासभर झोपला. "पाटी चालती," मामा समाधानाने म्हणाले.

शेवटचं काम होतं जुन्या पाहुण्यांची माहिती त्यांच्या परवानगीने जपण्याचं. त्यासाठी मी फॉर्म केला होता. मामांनी थेट फोन लावायला सुरुवात केली. "भाज्याहून बोलतोय. तुमाला ध्यानात ठेवलं तर चालंल का?" बहुतेकांनी फोन कापला. एकाने, ओटीपी मिळणार नाही, म्हणून बजावलं.

आणि एवढं झाल्यावर, आज-उद्या करत राहिलेल्या ब्राउझरवाल्यांनी जाहीर केलं की कुकीज काही काढत नाही. मामांना हे सांगणं माझ्या जिवावर आलं होतं. ते हेल्मेट मांडीवर घेऊन बसून राहिले.

"येवढी तयारी केली, आन् आलंच न्हाई?"

"जाहिराती पहिल्यासारख्या सुरू करतो, मामा. फोन करायला नकोत आता."

"नगं. मागं माणूस लावू नका कुनाच्या."

संध्याकाळी ते पुन्हा फोनवर होते. पलीकडे नवऱ्याबरोबर एकदा येऊन गेलेल्या एक बाई होत्या. मामांनी नेहमीचा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "हे गेले हो मागच्या वर्षी. दोघांना ठेवाल का ध्यानात?"

मामा उठून उभे राहिले. "ठेवतो, ताई. त्यास्नी चहात आलं चालायचं न्हाई. व्हय ना?"

पलीकडून बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. सासूबाईंनी खुणेने विचारलं, फोन कट झाला का? मामांनी नाही म्हणून मान हलवली, आणि फोन कानाला तसाच धरून अंगणात उभे राहिले.