उलटा फिरवलेला गिलास

जगात जे काही वाहतं ते आपल्याला काहीतरी दाखवायलाच वाहतं, अशी पक्की खात्री असलेला माझ्या पाहण्यातला एकमेव माणूस म्हणजे माझे तुमसरचे घरमालक. ते निवृत्त विज्ञान शिक्षक होते. मी नाकाडोंगरीहून बी.एस्सी.ला आलो, तेव्हा आमच्या घरातून बारावीपुढे गेलेला मी पहिलाच. खोली पाहायला गेलो तर सर अंगणात नळ बारीक सोडून उकिडवे बसलेले. माझं नाव-गाव राहिलं बाजूला. "इकडे ये बे. धार कुठून तुटते पाह्य," म्हणाले. अखंड धार खाली येता येता थेंबांत कशी तुटते ते आम्ही पाहत बसलो आणि खोली मला मिळाली हे मला सरांच्या बायकोने, काकूंनी, सांगितलं.

सरांची पूजा लांबायची, कारण उदबत्तीचा धूर आधी सरळ चढतो आणि मग एकाएकी वेटोळी घेतो, ती जागा त्यांना रोज नव्याने सापडायची. "देवाकडे पाहा थोडं, धुराकडे काय पाहून राहिले!" असं काकू ओरडत. दारासमोरच्या नालीत राइस मिलचा कोंडा वाहत यायचा. सर त्यात वीट उभी करून विटेमागचे भोवरे बघत, आणि जाणारे-येणारे काही हरवलंय समजून त्यांच्यासोबत वाकून शोधत. सुटीच्या दिवशी परातीतल्या पाण्यावर तेलरंगाचे थेंब सोडून, काडीने हलकेच फिरवून, ते वरून कागद टेकवीत. त्यावर मोरपिसासारखी नक्षी उमटे. माझ्या सगळ्या पुस्तकांना त्याच कागदांची कव्हरं होती. पुस्तकं जुनी, दुसऱ्यांची वापरलेली होती, पण वर्गात तशी देखणी कोणाचीच नव्हती.

हे सारं रोज ऐकून घेणारा त्यांचा एकच मित्र होता: शेजारचे मिलवाले काका. संध्याकाळी काकांच्या ओट्यावर किटलीभर चहा व्हायचा. काकांना त्यातलं किती कळे देव जाणे, पण "मास्तर, मंग?" एवढं ते वेळेवर म्हणत.

काकांच्या मुलीच्या लग्नात घात झाला. पंगतीत सर नेमके नवरदेवाच्या वडिलांशेजारी बसले. व्याही चिखला गावचे, अंगात पांढरा सफारी. सरांनी पत्रावळीवर भाताचं गोल आळं केलं, त्यात काठोकाठ वरण ओतायला लावलं आणि म्हणाले, "ही समजा तुमची धानाची बांधी, हा भोवतालचा भाताचा काठ म्हणजे तिचा धुरा. धुरा एकदम नाही फुटत. पहिले झिरपते, मंग बारीक वाट होते, आन् मंग..." व्याही कौतुकाने वाकले. धुरा फुटला. टेबलाचा उतार त्यांच्याच बाजूला होता. गरम वरण सगळंच्या सगळं मांडीवर. व्याही न जेवता उठले, त्यांच्यामागे निम्मी वरात उठली. सगळ्यांना समजावून बसवता बसवता काकांचा घसा बसला. त्याच बसलेल्या आवाजात ते म्हणाले, "माझ्या पोरीच्या लग्नात शाळा भरवली तुम्ही, मास्तर! आता माझी पायरी चढायची नाही."

त्या दिवसापासून सर संध्याकाळी घरातच बसू लागले. नळ पूर्ण सोडून बादली भरत, उदबत्ती लावून लगेच उठत. काकू मला हळूच म्हणाल्या, "बाबू, यांले नालीवर तरी घेऊन जा रे."

मला आठवला सरांनीच दाखवलेला प्रयोग. मोठ्या गिलासात लहान गिलास, मधल्या जागेत घट्ट ग्लिसरीन, त्यात लाल रंगाचा थेंब. आतला गिलास हळूहळू फिरवला की थेंब पसरून नाहीसा होतो; तितकाच उलटा फिरवला की परत जागेवर येतो. मी म्हटलं, "सर, उलटं फिरवून पाहू."

"पाण्यात नाही होत ते. घट्ट पाहिजे."

"मंग तुमची दोस्ती पातळ होती का?"

सर उठले. चप्पल शोधता शोधता म्हणाले, "जे शेवटी ढवळलं ते पहिले उलटं. पहिले पायरी. आन् घाई नाही करायची, घाई केली की सारं मिसळते."

त्या संध्याकाळपासून ते काकांच्या पायरीखाली उभे राहून नमस्कार करीत आणि परत येत. काका पेपर वर धरीत. काही दिवसांनी पेपर खाली येऊ लागला. मग मी सरांना मोटारसायकलवर चिखल्याला नेलं. व्याह्यांनी मुद्दाम वरण-भातच वाढला. सर अख्खं जेवण एक शब्द न बोलता जेवले. शेवटी व्याह्यांनाच हसू फुटलं. "गुरुजी, जेवा ना मोकळे! मी आज लुंगीवर आहो." आणि त्यांनी तिथूनच काकांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी काकांनी सरांना ओट्यावर बोलावलं. चहा ओतताना नेहमीसारखी धार किटलीच्या तोंडाला चिकटून खाली ओघळली. सरांनी पाहिलं आणि नजर वळवली. काका थांबले.

"काहून मास्तर? आज किटलीले काही झालं नाही का?"

"झालं ना," सर पुटपुटले.

"मंग सांगा. मी ऐकून राहिलो."

चहा थंड होईपर्यंत सर किटलीवर बोलले.

थेंब परत येतो, पण त्याच्या कडा जराशा पुसट राहतात, हेही सरांनीच मला शिकवलं होतं. त्यानंतर दोघांची संध्याकाळ कधी चुकली नाही. फक्त कुठल्याही पंगतीत वरणाची बादली दिसली, की काका उठून सरांपासून दोन खुर्च्या सोडून बसत आणि तिथूनच म्हणत, "मास्तर, मंग?"