एकोणीस नंबरचा रुमाल

इटलीतल्या आमच्या किओज्जा गावात त्या शुक्रवारी सकाळी बातमी अशी निघाली, की खाणावळवाली नोरीना आता गिऱ्हाइकांकडून रुमाल धुवून घेते. मासळीबाजारापासून पुलापर्यंत पोचेस्तोवर त्यात ताटंही आली, आणि पुलापलीकडे गेली तेव्हा एक म्हातारा परदेशी माणूस तिच्या मोरीत गुडघ्यावर बसून कढया घासत होता. कढया आणि गुडघे हे आमच्या गल्लीने घातलेलं तिखटमीठ. रुमाल मात्र खरा होता. तो धुतलाही होता. फक्त धू म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

नोरीना अडुसष्ट वर्षांची. खाणावळ तिच्या सासऱ्यांनी काढलेली. चुलीवर मुलगा तुल्लिओ, वाढायला सून मारा. नोरीनाकडे दोनच खाती: कोण कुठे बसेल आणि कापडी रुमाल कुणाला मिळेल. येणाऱ्याजाणाऱ्याला कागदी. जो नेमाने येतो, आणि नेमाने येण्याच्या लायकीचा आहे असं तिला वाटतं, त्याला पांढरा सुती रुमाल, कोपऱ्यात लाल दोऱ्याने काढलेला नंबर, ठेवायला कापडी पिशवी आणि ती अडकवायला भिंतीवर स्वतःचा खिळा. तोच रुमाल आठवडाभर वापरायचा. सोमवारी खाणावळ बंद, त्या दिवशी नोरीना सगळे रुमाल स्वतः धुते. माकूल त्याच्याच काळ्या शाईत शिजवून वाढणाऱ्या घरात चाळीस वर्षं रुमाल दुधासारखे पांढरे राहिले, याचा तिला जितका अभिमान आहे तितका तुल्लिओचाही नाही. हे ती तुल्लिओसमोरच सांगते.

खिळा मिळवायला निवृत्त पोस्टमास्तर ओत्ताविओंना सात महिने लागले. फिनलंडहून फिरायला आलेल्या आइनो आणि पेक्का या जोडप्याला नऊ दिवस. तीन दिवसांसाठी आले होते. समोरच्या घरात खोली घेतली, पहिल्या दुपारी नोरीनाकडे जेवले आणि मग राहिलेच. नवरा पेक्का दिवसातून चार शब्द बोलायचा, त्यातले दोन बायकोशी. पण नवव्या दिवशी त्याने भाजलेल्या बोय माशाचं डोकं उलटं केलं, गालातलं मांस सुरीच्या टोकाने अलगद काढलं आणि बायकोच्या ताटात ठेवलं. नोरीना बघत होती.

"हे कुठले परके," ती माराला म्हणाली. "अठरा आणि एकोणीस काढ."

"आई, पुढच्या मंगळवारी चाललेत ते."

"मग तोवर खिळे काय माश्यांना बसायला ठेवायचेत?"

गुरुवारी शाईतलं माकूल होतं. पेक्काच्या हातून घास निसटला आणि एकोणीस नंबरवर अख्ख्या खाडीचा नकाशा उमटला. आइनोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने रुमाल गुपचूप पर्समध्ये सारला, खोलीवर नेऊन अंगाच्या साबणाने घासला आणि खिडकीबाहेरच्या दोरीवर टाकला. साबणाने ती शाई जात नाही, पसरते. सकाळी गल्लीच्या मधोमध, नोरीनाच्या दारासमोर, लाल एकोणीस लोंबत होता आणि त्याच्या शेजारी राखाडी ढग.

लोकर विकणारी झीता दुकान उघडता उघडता थबकली. पुढचं काम तिच्या जिभेने केलं.

दुपारी खाणावळ भरली ती अर्धी जेवायला, अर्धी बघायला.

"नोरीना," ओत्ताविओ म्हणाले, "जेवल्यावर माझा मीच धुऊ ना? मोरी कुठंय तेवढं दाखव."

"साबण घरून आणायचा का?" कोळी बेपीने विचारलं. "नाही, आधी कळलं तर बरं."

एरवी एकाला दोन ऐकवणारी नोरीना भिंतीवरच्या पिशव्या सरळ करत राहिली. मारा कानाशी लागली, "आजपासून त्यांना कागदी देऊ. काय ते समजतील."

नोरीनाला त्यांनी तसं समजायलाच नको होतं. बोलावं तर ती बाई पुन्हा उंबरा चढायची नाही. न बोलावं तर चाळीस वर्षांच्या पांढऱ्या रुमालांची गल्लीभर चेष्टा.

तेवढ्यात आइनो आलीच. हातात घडी केलेला रुमाल, मागे पेक्का. पाठ केलेलं वाक्य तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मी धुतला. स्वच्छ आहे."

नोरीनाने घडी उलगडली. डाग होताच. पण तिची नजर कडांवर गेली. चारी कोपरे धाग्याला धागा जुळवलेले, आणि नंबरावर इस्त्री उलट्या बाजूने फिरवलेली, टाके चेपू नयेत म्हणून. असं करणारी गल्लीत एकच बाई होती, आणि ती म्हणजे नोरीना स्वतः.

"स्वच्छ नाही," नोरीना म्हणाली. माराने डोळे मिटून घेतले. "पण इस्त्री माझ्यासारखी आहे. चल आत."

आणि आइनोला कोपराला धरून तिने मागच्या मोरीत नेलं, जिथे धुण्याच्या वेळी माराला अकरा वर्षांत पाऊल टाकू दिलं नव्हतं. दार लावून घेतलं. थंड दूध, मग लिंबू, मग ऊन, एवढं बेपी छातीठोकपणे सांगतो. पण किती वेळ आणि किती लिंबू, ते नोरीनाला ठाऊक आणि आता फिनलंडला. पेक्का बाहेर एकटाच जेवला. त्या दिवशीचे चारही शब्द त्याने तुल्लिओच्या कांद्यात मुरवलेल्या तारल्यांवर खर्च केले.

सोमवारी दोघी रुमाल वाळत घालत होत्या, मागच्या अंगणात नव्हे, मुद्दाम गल्लीवरच्या दोरीवर. आइनो ताणून धरायची, नोरीना चिमटा लावायची. एकोणीस नंबर मधोमध. बाकीच्यांतून तो ओळखायचा तर आकडाच वाचावा लागत होता. ओत्ताविओ येऊन चष्मा पुसून बघून गेले. नोरीना मान ताठ करून उभी, आणखी कोण येतंय याची वाट बघत.

झीताला राहवलं नाही. दुकानाच्या दारातूनच म्हणाली, "म्हणजे खरंच की गं, नोरीना. गिऱ्हाइकांना धुवायला लावतेस."

नोरीनाने तोंडातला चिमटा काढला.

"गिऱ्हाईक तू आहेस, झीता. ही घरची आहे."