तुमच्यात माणसं टिकत नाहीत का?

“परत मयत? तुमच्यात माणसं टिकतच नाहीत का हो, बाई?”

साहेबांनी माझा अर्ज हातातही घेतला नाही. केबिनचं दार उघडं होतं. बाहेर हिशेब खात्यातला एक जण हसला. “ताई, तुमच्या गोडादऱ्यात मरायलाही नंबर लागतो का?” मग बाकीचेही हसले.

माझा धाकटा भाऊ गेला होता. बमरोलीच्या मिलमध्ये बॉयलरवर होता. छाती धरून खाली बसला, उठला नाही. चाळिशी नुकतीच ओलांडली होती.

अंत्यविधीला अर्ध्या दिवसाची रजा मिळाली होती. आता मागत होते ती शनिवारच्या गंधमुक्तीची. आम्ही खानदेशातले, पोटासाठी ह्या शहरात आलेले. गंधमुक्तीला दुखवटा उतरतो. त्या दिवशी घरच्या म्हातारीला पहिला गोड घास सासरी दिलेल्या लेकीने भरवायचा, ही आमच्या गल्लीची रीत; आईला लेक मी एकटीच. घास पोटात गेला की ती पुन्हा जिवंतांत आली असं धरतात.

साहेब पुण्याकडचे. म्हणाले, “लग्न झालेल्या मुलीला भावाचं सुतक तीनच दिवसांचं. शास्त्र आहे ते. तुमचं केव्हाच संपलं. आणि त्या शनिवारी आईचं सहस्रचंद्रदर्शन आहे. हॉल, जेवण, पाहुणे, सगळं तुमच्याकडे. तुमच्याइतकं नीट कोण करणार?”

माझं दुःख किती दिवसांचं, तेही त्यांनीच ठरवलं.

मी अर्ज घडी करून पर्समध्ये ठेवला. नोकरी दर वर्षी त्यांच्या सहीने वाढते. नवरा नाही. मुलीचं कॉलेज चालू आहे. मी टेबलावर आले आणि कामाला लागले. केटरर, मांडव, खुर्च्या, लिफ्टजवळ एक माणूस. मला कामं ओळीने लावता येतात. तेवढ्यासाठीच मी त्यांना हवी असते.

घरी आईला सांगितलं, शनिवारी यायला उशीर होईल. साहेबांच्या आईने ऐंशी ओलांडली, तिचा सोहळा आहे.

आई म्हणाली, “ते काय ऱ्हास व माय?”

मी सांगितलं, हजार पौर्णिमा पाहिल्या की करतात. तिने बोटांवर मोजून पाहिलं. मग म्हणाली, “आपलामा तठलोंग कोन जास?”

आपल्यात तिथवर कोण पोचतं? कोणीच नाही. वडील कापडाच्या लूमवर होते. कापसाचं तूस छातीत बसलं, खोकून खोकून गेले. दवाखान्यात विचारलं, “किती प्यायचे?” थेंबही प्यायले नव्हते. माझा नवरा हजीऱ्याच्या कारखान्यात ठेकेदाराकडे होता. एका संध्याकाळी घरी आला तो ठेकेदाराच्या गाडीतून, झाकलेला.

आई साहेबांच्या आईपेक्षा चांगली बारा-पंधरा वर्षांनी लहान आहे. पण वडील गेले आणि तिला साखरेचं दुखणं लागलं. जावई गेला, झोप गेली. भाऊ गेल्यापासून ती नावं विसरते, आणि रात्री त्याचं ताट वाढते. डॉक्टरांनी वय न विचारताच पंच्याऐंशी लिहिलं. वर मला समजावलं, “यांना मयतीला नेत जाऊ नका. मनावर ताण नको.”

कुठे नेऊ मग? मयत आमच्या घरात येते.

शनिवारी सकाळी मी हॉलवर होते. दिवे मांडायचे होते. मी तबक उचललं, तशी साहेबांच्या बायकोने हात आडवा केला. “अगंबाई, तुम्ही नको. तुम्हाला सुतक आहे ना?”

मी म्हटलं, “साहेब म्हणाले, संपलं.”

तिने साहेबांकडे बघितलं. साहेब हसले. “तसं संपलंय. पण आत भटजी आहेत. आणि तुमचं... तुम्हाला कळतं ना. तुम्ही बाहेरचं बघा.”

मला कळत होतं. सुतक तर संपलं होतं. जे संपत नाही ते, माझं विधवापण, त्यांनी तोंडाने म्हटलं नाही.

मी दाराबाहेर चपलांजवळ उभी राहिले. साहेबांच्या आई आल्या. काठी नाही, पाठ ताठ, नवी पैठणी. माझ्याकडे बघून गोड हसल्या. “तू केटरिंगची का गं? चहात साखर कमी ठेव हो. मला जपायला सांगितलंय.”

तेवढ्यात फोन वाजला. शेजारची मालूमावशी. “बेटा, आई तोंडच उघडत नाही. सगळे सोयरे बसलेत. लापशी थंड झाली. म्हणते, लेक येऊ दे.”

आत औक्षण सुरू झालं होतं. दिव्यांचा उजेड त्या म्हातारीच्या चेहऱ्यावर पडला होता. मला तिचा राग आला नाही. तेवढं जगायला हवंच माणसाने. माझ्या बापाने का नाही?

मी साहेबांना बाहेर बोलावलं. सामानाच्या खोलीची किल्ली त्यांच्या हातात दिली.

“साहेब, आमच्यात माणसं मरतात. मी तिकडे चालले.”

“पंगत बसायची आहे, बाई! अशा गेलात तर सोमवारी येऊ नका.”

“येणार. ऑफिसचं काम माझं आहे. हे माझं नव्हतं.”

रिक्षात बसल्यावर आठवलं. सकाळची बीपीची गोळी राहिली होती. बाटलीतल्या पाण्याबरोबर घेतली.

गोडादऱ्यात दारात माणसं बसली होती. बायकांनी वाट दिली. मी आईपुढे बसले, लापशीचा घास केला. तिने तोंड उघडलं. सावकाश चावला. गिळला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

मग तिने विचारलं, “भाऊ जेवना का?”

भाऊ जेवला का, ते विचारत होती. मी दुसरा घास केला.

म्हणजे उशीर झालाच होता. एका सकाळचा नाही. वडील खोकायला लागले तेव्हापासूनचा.

मी सोमवारी गेले. माझ्या खुर्चीवर बसले. साहेब अजून बोलत नाहीत. वर्ष संपेल तेव्हा सही करतील की नाही, माहीत नाही. नाही केली तर दुसरीकडे काम बघेन. पण यापुढे कोणी विचारलं, तुमच्यात माणसं टिकत नाहीत का, तर मी गप्प बसणार नाही. तूस सांगेन. बॉयलर सांगेन. ठेकेदाराची गाडी सांगेन. समोरचा उठून जाईपर्यंत सांगेन.

आणि मी गोळी चुकवणार नाही. आईने नवरा पोचवला, जावई पोचवला, पोरगा पोचवला. मला ती पोचवणार नाही. मी म्हातारी होणार आहे. पाठ वाकली तरी चालेल, दिवे नसले तरी चालेल. ह्या शहराला मला म्हातारी झालेली बघावंच लागेल.