उजवीकडची खालची दाढ

दाढ दुखायची थांबली आणि माझी खरी पंचाईत सुरू झाली.

त्याआधी आठवडाभर उजव्या गालावर लिंबाएवढी सूज होती. धुळ्याहून नरडाण्याला नेणारी कंपनीची बस गतिरोधकावर उडाली की कळ थेट कानात जायची. चाळिशी ओलांडलेला मी, कंपनीचा स्टोअरकीपर, पुढच्या सीटची दांडी धरून डोळे मिटून बसायचो. शेवटी दाताच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी स्क्रीनवर एक्स-रे दाखवला. दाढेच्या मुळाशी काळपट डाग होता.

"इन्फेक्शन मुळापर्यंत गेलंय. आधी पाच दिवस गोळ्या घ्या. मग एकतर रूट कॅनॉल, नाहीतर दाढ काढायची. तुम्ही ठरवा."

ठरवणं, तेवढंच मला जमत नाही.

गोळ्यांनी तिसऱ्याच दिवशी ठणका गेला. म्हटलं, झाली की बरी. डॉक्टरबाईंना फोन करून तसं सांगितलं.

"दुखत नाही, कारण आतली नस मेलीय," त्या म्हणाल्या. "पू आहे तिथेच आहे. फार दिवस लावू नका."

त्यानंतर जीभ दाढेपासून हलेना. स्टोअरमध्ये एकाला मागितल्यापेक्षा भलत्याच मापाचे बोल्ट दिले. सोबतचा एक जण म्हणाला, रूट कॅनॉल केलेली त्याची दाढ दोन वर्षांत फुटली. दुसरा म्हणाला, त्याची दहा वर्षं टिकली आहे. दोघांचंही पटलं. घरी मी स्वयंपाकघरातून गॅलरीत आणि गॅलरीतून स्वयंपाकघरात.

"अहो, एकदाचं काय ते ठरवा," बायको म्हणाली. "तुमच्याकडे बघून मलाच गरगरायला लागलंय."

मी पिंपळनेरला अक्काला फोन लावला. माझी थोरली बहीण, पंधरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहावीत होतो. तेव्हापासून शाळा, नोकरी, लग्न, सगळं तिच्याच शब्दावर झालं.

"काढी टाक," अक्का म्हणाली. "मना बठ्ठा दात काढेल शेतस. मी काय मरनू का?" तिच्या तोंडात स्वतःचा एकही दात उरलेला नाही.

फोन ठेवला तेव्हा हलकं वाटलं. कुणीतरी ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी बसमध्ये पुन्हा जीभ दाढेवर गेली. चांगली भक्कम लागली ती. हिला काढायचं?

रविवारी अक्का स्वतःच एसटीने आली. पिशवीत शेतातल्या ओल्या भुईमुगाच्या शेंगा होत्या. बायकोने त्या उकडल्या. अक्का सोलत होती आणि दाणे आमच्यापुढे सारत होती. स्वतःच्या तोंडात एकही टाकत नव्हती. ती कायम असंच करते. इतकी वर्षं मी ती माया समजत आलो. ती होतीच, पण त्या दिवशी मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. बोलताना ती जिभेने वरची कवळी दाबून धरत होती.

"अक्का, तुझे दात काढले तेव्हा तुला कोणी विचारलं होतं?"

"माले कोन इचारस?" ती सोलतच राहिली. दोन दाढा दुखत होत्या म्हणून दाजी तिला तालुक्याच्या शिबिरात घेऊन गेले होते. बाकीचेही खराब आहेत असं तिथे म्हणाले. महिन्याभरात सगळे गेले. तेव्हा ती माझ्या आजच्या वयाची होती.

"कवळी सरकस," ती हळूच म्हणाली. "लगीनमा जेवाले बठस नही मी."

मला माहीतच नव्हतं. आम्ही समजायचो, अक्काचा उपास असेल.

"मग मला का काढ म्हणालीस?"

तिने हात थांबवले. "माले तेच म्हाईत व्हतं, भाऊ." मग सोललेले दाणे माझ्यापुढे सारत म्हणाली, "तुनी ऱ्हावू दे."

सोमवारी रूट कॅनॉलसाठी रजा टाकली. अक्का सोबत आली. इंजेक्शन देऊनही आत सुई गेली तसा मी खुर्चीतून उसळलो. इन्फेक्शनमुळे भूल नीट चढत नव्हती. "काढून टाका" हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण तोंडात कापूस होता, आणि दारातून अक्का बघत होती. डॉक्टरबाईंनी पू काढून औषध भरलं आणि आठवड्याने बोलावलं.

मी तोंड पुसत उठलो, तर अक्का आत आली.

"डॉक्टरबाई, मनी कवळीनं काही व्हई का?"

"बसा ना. बघू."

अक्का पदर खोचून खुर्चीत बसली. डॉक्टरबाईंनी कवळी काढून हिरड्या दाबून पाहिल्या. जबड्याचं हाड झिजलंय, म्हणून जुनी बसत नाही, त्या म्हणाल्या. नवी करता येईल, चार-पाच वेळा यावं लागेल. विचार करून सांगा.

"करा," अक्का म्हणाली. पंधरा दिवस मी ज्याला घेतले, त्याला तिला एक श्वास लागला.

त्यासाठी ती महिनाभर आमच्याकडे राहिली. लग्नानंतर गाव सोडून एवढे दिवस ती कुठे राहिलेली मला आठवत नाही. दुसऱ्या वेळी मला भूल नीट चढली, काही कळलं नाही. तिसऱ्या वेळी दाढेवर कॅप बसली, आणि चार दिवस तोंडात दुसऱ्याचीच दाढ असल्यासारखं वाटलं. अक्काची नवी कवळी सुरुवातीला टोचायची. ती रोज सकाळी बायकोकडे तक्रार करायची, मग मला म्हणायची, "चाल, डॉक्टरबाईकडे." आणि मी बूट घालेपर्यंत ती जिना उतरून स्कूटरपाशी उभी असायची.